खिशातली एलईडी टॉर्च: लुमेन बघायचे की झोत? (कोकणात वापरायला, बजेट अडीच हजार)

पाखाडी (धागाकर्ता)

पावसाआधी एक टॉर्च घ्यायची आहे. खिशात मावायला हवी. सेल आणि चार्जर धरून अडीच हजार.

काम असं: रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याची पाखाडी आहे, दोन्हीकडे गडगा. रात्री आगरात जाऊन पंप बंद करायचा, माडाच्या शेंड्यापर्यंत दिसायला हवं. लाइट गेली की घरात उजेड हवा. आणि ओहोटीला खडपात (किनाऱ्याच्या खडकांत) कुर्ल्या धरायच्या.

ऑनलाइन पाहिलं तर चारशे रुपयांच्या टॉर्चवर ९०,००० लुमेन लिहिलंय आणि अडीच हजारांच्या टॉर्चवर १३००. नक्की काय बघून घ्यायचं?

सुका_बोंबील

एलईडी म्हटल्यार माका वाटला पर्ससीनवाल्यांचो धागो आसा, भांडाण बघूक धावत इलंय. ह्यो तर खिशातली बॅटरी!

लक्समीटर

२०१७ पासून बंदी आहे ती मासेमारीच्या त्या एलईडीवर, बोंबीलराव. ही चालते.

आधी एक शब्द मिटवू. आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, त्यामुळे दुकानात घोळ होतो. या धाग्यात टॉर्च म्हणजे टॉर्च आणि आत जातो तो सेल.

९०,००० विसरा. एका १८६५० सेलवर (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, लिथियमचा रिचार्जेबल) चालणारी हातातली टॉर्च घटकाभर हजार-दोन हजार लुमेन देऊ शकते. पण हात भाजू न देता सतत द्यायचं म्हटलं तर तीनशे ते पाचशे. बाकीची वीज उष्णतेत जाते आणि एवढ्याशा ॲल्युमिनियमला ती बाहेर टाकता येत नाही. म्हणून टर्बो (सगळ्यात जास्त उजेडाचा टप्पा) काही मिनिटांत आपोआप खाली येतो. तो बिघाड नाही. खाली येत नसेल तर मात्र काळजी करा.

लुमेन म्हणजे सगळ्या दिशांना मिळून निघालेला एकूण उजेड. कँडेला म्हणजे झोताच्या मध्यावर तो किती एकवटलाय ते. तुमच्या माडाला कँडेला लागतात, पाखाडीला लुमेन.

खोक्यावर 'एफएल१' असं मानक लिहिलेलं असेल तर त्यावरचे आकडे वाचता येतात. उजेड चालू केल्यापासून ३० सेकंदांनी मोजायचा, पहिल्याच क्षणी नाही. अंतर मोजायचं ते ०.२५ लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडलेल्या उजेडाचं माप) उरतो तिथपर्यंत, म्हणजे साधारण निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका. हिशोब सोपा आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, मीटर मिळतात. १०,००० कँडेला असतील तर २०० मीटर.

पण चांदण्यात साप ओळखता येत नाही. म्हणून छापलेल्या अंतराचं निम्मं धरा, तिथे १ लक्स मिळतो. पाव धरलंत तर ४ लक्स. माडाचा शेंडा २० मीटर वर असेल आणि तिथे १० लक्स हवे असतील तर २० × २० × १० = ४००० कँडेला. एवढे तर कुठलीही बऱ्यापैकी १८६५० टॉर्च देते. खाडीपलीकडे बघायचं असेल तरच त्याहून जास्तीच्या मागे लागा.

आणि 'चालते ४ तास' हा आकडा उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. १००० लुमेनची टॉर्च चार तास चालते म्हणजे १००० लुमेन चार तास मिळतात असं नव्हे. उजेड-वेळेचा आलेख दिलेला असेल तोच बघा.

खडपातली_कुर्ली

+१. पण ठिपका आणि पसारा हे वेगळं करून सांगायला हवं, खरेदी तिथेच फसते.

पांढऱ्या भिंतीपासून एक मीटरवर टॉर्च धरा. मध्ये झळझळीत गोल दिसतो तो ठिपका. त्याच्याभोवती मंद मोठं वर्तुळ, तो पसारा. पसाऱ्याचा व्यास मोजा. १६० सेंटिमीटर भरला तर झोत साधारण ७७ अंशांचा. पाखाडीवर पायाशी आणि गड्ग्याच्या भोकांत एकाच वेळी दिसायला तेवढा लागतोच.

मग दोष शोधा. ठिपक्याच्या मधोमध काळसर भोक दिसलं तर एलईडी परावर्तकाच्या केंद्रबिंदूवर बसलेला नाही. बहुतेक वेळा एलईडीभोवतीची प्लॅस्टिकची चकती चुकीच्या जाडीची असते. ठिपका एका बाजूला कललेला असेल तर तीच चकती सरकलेली. कडेला पिवळट किंवा हिरवट कडी दिसली तर ती एलईडीवरच्या फॉस्फरच्या थराची करामत आहे. गुळगुळीत परावर्तकात ती जास्त दिसते. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत परावर्तक ती पुसून टाकतो, अंतर थोडं कमी होतं एवढंच. पायी चालायला सालवालाच घ्या.

पुढेमागे सरकवायची 'झूम' टॉर्च नकोच. झूम केल्यावर भिंतीवर जो चौकोन दिसतो तो एलईडीच्या चिपचंच चित्र असतं. भिंगाबाहेर जाणारा उजेड, निम्म्याच्या आसपास, डोक्याच्या आतल्या बाजूवर आपटून फुकट जातो. पसारा शून्य, म्हणजे पायाखाली अंधार. आणि डोकं सरकवताना पंपासारखी हवा आत ओढली जाते, पावसात हवेबरोबर पाणीही.

घाटमाथा

पावसात आणि धुक्यात पिवळा उजेड जास्त लांब जातो ना? म्हणजे ३००० केल्व्हिन (आकडा कमी तितका उजेड पिवळा) घ्यावा का?

लक्समीटर

नाही. पावसाचे थेंब आणि धुक्याचे कणही प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, ते निळा-पिवळा भेद करत नाहीत. पिवळा डोळ्याला कमी खुपतो, म्हणून बरा वाटतो.

खरा त्रास डोळ्याजवळच्या थेंबांचा असतो. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरली की समोरचा प्रत्येक थेंब उजळतो आणि पांढरा पडदा उभा राहतो. टॉर्च कमरेशी किंवा गुडघ्याशी धरा, मग उजळलेले थेंब नजरेच्या रेषेखाली राहतात. छत्रीची आतली बाजू उजळू देऊ नका. कपाळावरची टॉर्च मुसळधार पावसात आणि आंबोलीच्या धुक्यात म्हणूनच सगळ्यात वाईट. आणि तिथे १०० लुमेन ५०० पेक्षा जास्त दाखवतात, हेही करून बघा.

पाऊस अजून एका कामाला येतो. कमी उजेडाच्या टप्प्यावर थेंबांकडे बघा. अखंड रेघा दिसल्या तर उत्तम. तुटक ठिपक्यांची माळ दिसली तर टॉर्च वेगाने उघडझाप करून उजेड कमी करते आहे आणि तिचा वेग कमी आहे. डोकं दुखतं त्याने. दुकानात पाऊस नसेल तर झोतासमोर बोटं हलवा, एकाची पाच-सहा दिसली की ठेवून द्या.

उंडलीचं_तेल

रंगाबद्दल माझं मत जरा कडक आहे. सड्यावर राहणाऱ्याने सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या खालची टॉर्च घेऊच नये.

कारण फुरसं. जेमतेम फूट-दीड फूट लांब, तपकिरी, बाजूला नागमोडी पांढरट नक्षी. ते जांभ्यावर किंवा सुक्या पाल्यात बसलेलं असतं. ६५०० केल्व्हिनच्या, ७० सीआरआयच्या एलईडीत तांबडा भाग इतका तोकडा असतो की जांभा, पाला आणि फुरसं तिघेही एकाच राखाडी रंगात बुडतात. तांबड्यासाठी वेगळा आकडा असतो, आर९. स्वस्त थंड पांढऱ्यात तो शून्याच्याही खाली जातो. मण्यार काळी आणि पांढऱ्या पट्ट्यांची, ती कुठल्याही उजेडात दिसते. तपकिरी सापांना रंग लागतो.

४००० ते ५००० केल्व्हिन, सीआरआय ९० किंवा वर. नावं बघायची तर सॅमसंग एलएच३५१डी, निशिया ५१९ए, ल्युमिनस एसएसटी-२० ची ९५ सीआरआयवाली आवृत्ती. त्याच विजेत उजेड साधारण पाव हिस्सा कमी मिळेल. डोळ्याला तो फरक जाणवतही नाही; दुप्पट वाटायला जवळपास चौपट लुमेन लागतात.

हिरवट झाक बघायची असेल तर दोन टॉर्च एकाच कोऱ्या कागदावर शेजारी-शेजारी टाका. एकटी टॉर्च कधीच हिरवी वाटत नाही, डोळा जुळवून घेतो. मोबाइलने फोटो काढायचा तर व्हाइट बॅलन्स ५००० ला अडकवून ठेवा, नाहीतर कॅमेरा दोन्ही सारख्याच करून दाखवतो.

पाखाडी

हे पटलं. मग वुर्कोस एफसी११ की कॉन्व्हॉय एस२ प्लस? दोन्हींत ९० सीआरआय मिळतंय.

खडपातली_कुर्ली

समुद्रापासून किती लांब आहात?

पाखाडी

हाकेच्या अंतरावर.

खडपातली_कुर्ली

मग कॉन्व्हॉय. कारण सांगते.

एफसी११ चांगली टॉर्च आहे. अंगातच टाइप-सी चार्जिंग, बाजूला बटण, शेपटीत चुंबक. सावंतवाडीच्या आत कुठे असता तर हीच घ्या म्हटलं असतं. पण खाऱ्या वाऱ्यात चार्जिंगचं भोक ही पहिली मरणारी जागा. रबरी बुच बसलेलं असलं तरी त्यामागे ओल राहते, ओलीत मीठ. त्यावर ५ व्होल्ट लावले की विद्युत अपघटन सुरू होतं आणि भोकातल्या पिना हिरव्या होऊन झिजतात. घेतलीच तर खडपातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि भोक पूर्ण सुकेपर्यंत, निदान रात्रभर, चार्जिंगला लावू नका.

दुसरं चुंबक. रत्नागिरीच्या मांडवीसारख्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर टॉर्च खाली ठेवलीत तर शेपटीला दाढी फुटते. काळ्या वाळूत लोहयुक्त खनिजं असतात, ती चिकटतात, पुसली तरी निघत नाहीत आणि तिथून आट्यांत शिरतात. मग उघडताना करकर ऐकू येते ती ॲल्युमिनियम खरवडल्याची.

एस२ प्लसमध्ये भोकच नाही. नळी, मागे क्लिक होणारं बटण, पुढे काच, एवढंच. सेल बाहेर काढून चार्ज करायचा. बटण, स्प्रिंग, काच, पाणी अडवणारी रबरी रिंग सगळं सुटं मिळतं आणि आट्या फिरवून हाताने बदलता येतं. पैसा वसूल म्हणजे मला हे वाटतं.

यांत्रिक बटणाचा आणखी एक फायदा: बंद म्हणजे बंद. बाजूच्या इलेक्ट्रॉनिक बटणाच्या टॉर्च बंद असतानाही थोडी वीज पीत राहतात.

घाटमाथा

एस२ प्लसचा कमी उजेड मला पुरेसा कमी वाटत नाही. शिवाय टप्पे बदलायला प्रत्येक वेळी अर्धं दाबायचं. बाजूच्या बटणाची टॉर्च एका अंगठ्याने चालते, दुसऱ्या हातात छत्री असते तेव्हा ते महत्त्वाचं आहे. सरसकट कॉन्व्हॉय म्हणणं मला मान्य नाही.

खडपातली_कुर्ली

छत्रीचा मुद्दा बरोबर. पण शेपटीचं बटणही मुठीत उलटी धरून अंगठ्याने दाबता येतं, आणि पावसात टॉर्च खालीच धरायची आहे. मिठाचं गणित मी सोडणार नाही.

सुका_बोंबील

आणि पाणी आत गेला तर? माज्या वळखीत सगळे तांदळाच्या डब्यात घालतत.

उंडलीचं_तेल

तांदूळ खायला ठेवा. तो ओल फार हळू शोषतो आणि पीठ आट्यांत बसतं.

काचेच्या आत धुकं धरलं असेल तर टॉर्च कोरड्या दिवशी दुपारी उघडा, सेल काढा, डोकं आणि शेपटी सुटी करून सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांसोबत झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवा. दमट हवेत घाईने बंद केलेली टॉर्च गरम होऊन बाहेर गार पावसात आली की आतलीच वाफ काचेवर धरते, गळती असेलच असं नाही. पाण्याचे थेंब दिसले तर मात्र रिंग गेली.

रिंगला काय लावायचं यावर भांडणं होतात. बहुतेक टॉर्चच्या काळ्या रिंगा नायट्राइल रबराच्या असतात. त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडे मिळतं. मुगाएवढं पुरे, रिंग चकाकली पाहिजे, पांढरी दिसता कामा नये. रिंगच सिलिकॉनची असेल (मऊ, बहुधा रंगीत किंवा अंधारात चमकणारी) तर सिलिकॉन ग्रीसने ती फुगू शकते, तिला कोरडीच ठेवा. खोबरेल नको. ते २४ अंशांखाली थिजतं, वर पातळ होऊन सेलकडे ओघळतं आणि काही महिन्यांत खवट चिकट होतं.

खडपातून आल्यावरचा क्रम: टॉर्च न उघडता गोड्या पाण्याखाली धुवा, क्लिपच्या खालीसुद्धा. स्टीलची क्लिप आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी राहिलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी येते ती हीच. पूर्ण सुकल्यावर मगच उघडा. महिन्यातून एकदा आट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, त्या चकचकीत (बिनथराच्या) असतील तर वीज त्यांच्यातूनच जाते. स्प्रिंगचं टोक काळवंडलं असेल तर पेन्सिलीचा खोडरबर. काच ओल्या कपड्याने आधी धुवा, मग पुसा. सुकं मीठ घासलंत तर ओरखडे आणि ठिपक्याभोवती कायमचं खळं.

मांगर

घरातल्या उजेडाबद्दल कोणी बोललं नाही. सगळ्या परीक्षणांत लिहितात, टॉर्च उभी ठेवा आणि छतावर झोत टाका. कौलारू घरात ते चालत नाही. काळी कौलं आणि धुराने माखलेले वासे उजेड गिळतात.

त्यापेक्षा टॉर्च आडवी ठेवून चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर टाका. किंवा दुधी रंगाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरून त्याच्या अंगाला टेकवून लावा, अख्खा कॅन कंदील होतो. जेवायला, वाचायला १०० लुमेन खूप झाले.

हिशोब: ३००० मिलीअँपिअर-तासांचा १८६५० म्हणजे ३.६ व्होल्टने गुणून १०.८ वॅट-तास. चांगली टॉर्च एका वॅटला शंभराच्या आसपास लुमेन देते. म्हणजे १०० लुमेनवर दहाएक तास, दोन रात्री. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, तेव्हा दोन सुटे सेल भरलेले असणं टर्बोपेक्षा मोलाचं.

आजी-आजोबांच्या उशाशी मात्र ही टॉर्च नको. एकच बटण, एकच उजेड, एए सेलवाली ठेवा. एए वाडीतल्या दुकानातही मिळतात. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड घाला, साधे सेल महिनोन्‌महिने पडून राहिले की गळतात. अल्कलाइन गळला तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा बोळा, कारण ती गळती अल्कधर्मी असते. साधा झिंक-कार्बन गळला तर खाण्याच्या सोड्याचं पाणी. कोकमाचं आगळ वापरू नका हो, त्यात मीठ असतं.

पाखाडी

सेल कुठला? १८६५० मध्ये ९९०० मिलीअँपिअर-तास लिहिलेले दीडशेत मिळतायत.

लक्समीटर

९९०० चा १८६५० जगात नाही. दुकानात भेटणारे खरे चांगले सेल ३५०० पर्यंत जातात. वजन करा: खरा साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीस ग्रॅमचा आला तर आत छोटा सेल आणि भरताड.

सॅमसंग ३०क्यू (३०००) किंवा ३५ई (३५००), यांपैकी एक. एस२ प्लसला जास्तीत जास्त २.८ अँपिअर लागतात (आत वीज नेमून देणाऱ्या ३५० मिलीअँपिअरच्या आठ चिपा), ३५ई तेवढे आरामात देतो. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल नकोत, त्यांचं पूर्वायुष्य कळत नाही. आवरणाला चीर गेली असेल तर सेल वापरू नका. आवरणाखालचं अख्खं अंग ऋण टोक असतं.

चार्जर साधा एका खणाचा, १ अँपिअरचा. पूर्ण झाल्यावर मल्टिमीटरने ४.१५ ते ४.२० व्होल्ट दिसायला हवेत, ४.२५ दिसले तर चार्जर फेका. ३ व्होल्टच्या खाली उतरवू नका. वर्षभर पडून राहणार असेल तर ३.७ ते ३.८ वर ठेवा, भरून नको. गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढा, लाइट येता-जाता व्होल्टेज उसळतं.

घाटमाथा

वेळास-आंजर्ल्याला कासवं बघायला जाणार असाल तर ही टॉर्च खिशातच ठेवा. पांढऱ्या उजेडाने अंडी घालायला आलेली मादी परत फिरते आणि पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे वळतात. लागलीच तर मंद तांबडी, तीही जमिनीकडे, आणि तिथले कासवमित्र हो म्हणाले तरच. पांढऱ्या टॉर्चवर लाल जिलेटिन गुंडाळून भागत नाही, त्यातून बराच पांढरा गळतो. काजव्यांनाही हेच लागू.

सुका_बोंबील

आणि कुर्ल्यो? पाण्यात झोत मारलो की वरच्यावर चकाकता, खालचा कायच दिसत नाय.

खडपातली_कुर्ली

झोत तिरका मारता म्हणून. टॉर्च पाण्याच्या जवळ आणि जवळजवळ सरळ खाली धरायची, नजर बाजूने. उजेड कमी ठेवायचा, ५०-८० लुमेन. जास्त केलात तर गढूळ पाणीच पांढरं होतं आणि कुर्ली कपारीत जाते. ४००० केल्व्हिनमध्ये तिची नांगी शेवाळावर वेगळी उठून दिसते.

पाखाडी

ठरलं: एस२ प्लस, ५१९ए, ४५०० केल्व्हिन, साल-परावर्तक. दोन ३५ई, एका खणाचा चार्जर, ग्रीसची डबी. शेवटचा प्रश्न, सेल सपाट डोक्याचा की बटणाचा? आणि संरक्षक सर्किटवाला घेऊ का?

लक्समीटर

सपाट. एस२ प्लसला दोन्ही टोकांना स्प्रिंग असते, ती सपाट डोक्याला नीट टेकते. संरक्षक सर्किटवाला सेल ६५ मिलिमीटरऐवजी ६८ ते ७० लांब होतो, स्प्रिंग दबून चपटी होते आणि शेपटी पूर्ण आवळली जात नाही. मग रिंग खोबणीत बसत नाही, आणि पाणी तिथूनच शिरतं. धन टोक डोक्याकडे. आल्यावर पहिलं काम: रिंग बघा, ग्रीस लावा, आणि प्रवासात शेपटी पाव फेरा सैल ठेवा. आट्यांवर ॲनोडायझिंगचा (वीज न जाऊ देणारा) थर असला तर तेवढ्याने संपर्क तुटतो, खिशात आपोआप लागत नाही.

पाखाडी

आट्या काळ्या नसून चकचकीत असल्या तर?

लक्समीटर

तर पाव फेऱ्याने तुटणार नाही. सेल काढूनच ठेवा.